काढून टाकण्याचं काम

नोकरी गेल्याचं त्याला आधी बातम्यांतूनच कळलं. दात घासता घासता फोनवर वाचलं, की आपल्या कंपनीनं व्हिडिओ कॉलचा अख्खा विभागच बंद केला. कंपनीची मेल आली ती तोंड धुऊन झाल्यावर.

त्या दिवसापासून सासूबाईंनी एक काम अंगावर घेतलं. सासरे गेल्यावर त्या लेकीकडेच राहायला आल्या होत्या. सकाळच्या चहाबरोबर त्या जावयाला तंत्रज्ञानाच्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवू लागल्या. कुणी घडीचा फोन काढला, कुठल्या बड्या कंपनीनं कुठली छोटी कंपनी गिळली. माणसं कमी केल्याची बातमी आली, की त्यांना हटकून खोकला यायचा आणि बोट पुढच्या बातमीवर सरकायचं. त्याला ते कळत होतं. तो आपला "असं का?" म्हणत चहा प्यायचा.

बायकोही प्रोग्रामरच. औषधांच्या दुकानांत कंप्युटरवर जे सॉफ्टवेअर चालतं, ते बनवणाऱ्या कंपनीत ती होती. बुधवारी तिच्या बढतीची मुलाखत होती. समितीपुढे बसून वर्षभराचं काम सांगायचं होतं. हे तिनं त्याला सांगितलं रविवारी दुपारी, तेही कपडे वाळत घालताना, पाठमोऱ्यानं.

"लपवत होतीस?"

"लपवत नव्हते. राहून जात होतं सांगायचं."

का राहून जात होतं, ते त्यानं विचारलं नाही. आत जाऊन तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि जेवणाच्या टेबलाशी ताठ बसला.

"बसा मॅडम. मी समिती."

सासूबाई टेबलाच्या टोकाला मटार सोलत होत्या. "मग मीही समिती," त्या म्हणाल्या.

"सांगा, या वर्षी काय केलंत?"

"आम्ही इशारे कमी केले."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे मीच. पण टीम होती ना."

"टीमला बोलावून वेगळं विचारू. तू काय केलंस?"

ती ओशाळून हसली. "तीच तर पंचाईत आहे. मी काही बनवलंच नाही रे, नुसतं काढून टाकलं. बाकीचे नवं काहीतरी करून दाखवणार. मी काय दाखवू, रिकामी जागा?"

"काढून का टाकलंस, ते सांग."

मग ती हळूहळू बोलायला लागली. एका औषधाबरोबर दुसरं चालत नसेल, तर दुकानदाराच्या स्क्रीनवर इशारा येतो. पण इशारे इतके यायचे, की कुणी वाचतच नसे. ती एका दुकानात काउंटरमागे स्टुलावर बसून राहिली होती. दुकानदारबाई बोलता बोलता, गिऱ्हाइकाकडे बघत, इशारा आला की बटण दाबून मोकळ्या होत होत्या. नजर स्क्रीनकडे नव्हतीच. ऑफिसात सगळे म्हणत होते, इशारे आणखी मोठे करा, लाल करा. हिनं डॉक्टरांबरोबर बसून एकेक इशारा तपासला. बहुतेकांत खरा धोका नव्हताच, ते सगळे काढून टाकले. आता क्वचितच एखादा येतो. आणि आला की त्या बाईंचा हात थांबतो.

"थांबतो हे कशावरून?" त्यानं विचारलं.

"पुन्हा जाऊन बसले होते. बघितलं ना."

"मग हेच सांग. आधी हात थांबत नव्हता, आता थांबतो. आणि 'मी' म्हण. त्यात स्वतःची टिमकी वाजवणं नाही, जे झालं ते सांगणं आहे."

तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दोनदा 'आम्ही' आलं, दोन्ही वेळा सासूबाईंनी मटारच्या शेंगेनं टेबलावर टकटक केलं. तिसऱ्या खेपेला गाडी सुरळीत चालली.

"आता तू," ती म्हणाली.

"माझी कुठे मुलाखत आहे?"

"पुढच्या आठवड्यात आहे. मागच्या दोन्ही मुलाखतींत काय सांगितलंस?"

"नेटवर्कचं काम करायचो म्हणून सांगितलं."

"एवढंच?"

"आणखी काय सांगणार? विभागच गुंडाळला. त्यात माझं काय मोठं?" शर्टाची बाही तो उगाचच सारखी करत राहिला.

ती आईकडे वळली. "आई, बाबा दवाखान्यात होते तेव्हा आपण त्यांच्याशी याच्या कंपनीच्या व्हिडिओ कॉलवर बोलायचो, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तिथे रेंज धड नसायची. सारखं चित्र जायचं."

"आणि आवाज?"

"आवाज नाही गेला कधी. शेवटपर्यंत बोलले ते माझ्याशी."

"ते यानं केलेलं काम आहे. रेंज कमी पडली, की चित्र सोडून द्यायचं आणि आवाज सांभाळायचा. ऑफिसात सगळ्यांना चित्रच हवं होतं. हा आवाजासाठी भांडला."

सासूबाईंचे हात थांबले. इतकी वर्षं एका घरातलं माणूस, आणि जावई कंप्युटरवर काहीतरी करतात, यापलीकडे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बोलला नाहीत कधी," त्या म्हणाल्या.

"तेव्हा ते दिवस नव्हते, आई, सांगायचे," तो म्हणाला.

"नंतर सांगायचं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "त्या मुलाखतवाल्यांना सांगा. नाहीतर मी येते सांगायला."

तो हसला, आणि मग पहिल्यांदाच, अडखळत का होईना, 'मी' म्हणून सुरुवात केली.

शुक्रवारी ती ऑफिसातून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी धुऊ लागली. तो दारात येऊन उभा राहिला.

"मिळाली ना बढती?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. "तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं थोडं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पण तुझ्यासाठी जे वाटतंय, ते त्याच्या कितीतरी पट आहे."

तिनं ओल्या हातांनीच त्याचा हात धरला. नळ तसाच वाहत होता. बाहेरून सासूबाईंनी पाणी वाया जातंय म्हणून हाक दिली, तेव्हा कुठे त्यानं तो बंद केला.

पुढच्या मंगळवारी त्याची मुलाखत झाली. तास उलटला तरी ते त्याला सोडेनात, एकावर एक प्रश्न. कळवतो म्हणाले. तो चालतच घरी आला. बऱ्याच दिवसांनी त्याला वाटेत थांबून दुकानं बघावीशी वाटली.