उतरणाऱ्याचं जेवण

लानझीने कणकेचा गोळा फळीवर आपटला आणि तिचा नवरा लुआन देशान भडकला.

"त्या चोरांसाठी पीठ मळतेस?"

लानझीने तळहाताने गोळा रेटला, घडी घातली, पुन्हा रेटला. बास्केटबॉलचा संघ बाहेरगावी निघाला की खेळाडूंनी या घरी जेवून जायचं, ही लुआन कर्णधार होता तेव्हापासूनची रीत. गाडीत चढताना जियाओझ, उतरताना नूडल्स, हे तर इकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. निघणाऱ्याला सारण भरून तोंड मिटवलेले जियाओझ, करंज्यांसारखे, म्हणजे तो धडपणे परत येतो. आलेल्याला लांबच लांब नूडल्स, म्हणजे त्याचे पाय इथे गुंततात. पण आज संघ निघाला होता तो कायमचा. दक्षिणेतल्या एका शहराने तो विकत घेतला होता, खेळाडूंसकट आणि जिंकलेल्या कपांसकट.

"आठवडाभर मी या विक्रीविरुद्ध घसा फोडतोय आणि तू त्यांची पाठवणी करतेस."

"पाणी ठेव गॅसवर," लानझी म्हणाली.

त्याने पातेलं आदळलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोलाद कारखान्याचं फाटक दिसत होतं. आत संघाची निळी बस उभी होती. बाहेर माणसांनी तीनचाकी गाड्या आडव्या लावून रस्ता बंद केला होता, आणि कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं.

दारावर थाप पडली. बियान लेइ वाकून आत आला. या दाराला त्याचं डोकं लागतं हे त्याला वीस वर्षांपासून माहीत होतं. कारखान्यात लेथवर शिकाऊ होता तो. त्याची उंची बघून लुआननेच त्याला मैदानावर ओढलं होतं. पुढे खेळला, मग संघाचा मॅनेजर झाला, आणि विक्रीच्या बैठकीत मालकाशेजारी बसलेला त्याचा फोटो सगळ्या शहराने पाहिला होता.

"उस्ताद, जरा खाली चला."

"उस्ताद कोण? नव्या मालकाला म्हण."

"ते फाटक सोडत नाहीयेत. फक्त तुमचं ऐकतील."

"म्हणजे घर तू विकायचंस आणि दार मी उघडून द्यायचं."

"मी नाही विकलं."

"शेजारी बसून चहा कोण पीत होतं? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात तुझी." लुआनचा आवाज चढला. "भट्टीपाशी दिवसभर भाजून निघालेली माणसं रविवारी फळ्या ठोकायला यायची, म्हणून तुला लाकडी मैदान मिळालं. पहिल्या श्रेणीत चढलो त्या दिवशी तुझी आई रस्त्यावर नाचली होती. विसरलास?"

"नाही विसरलो. आणि नंतरचंही नाही विसरलो," बियान म्हणाला. तोही आता तापला होता. "बिअरवाल्याने संघाचं नाव बदललं, मग टायरवाल्याने, मग घरं बांधणाऱ्याने. दर वेळी तुम्हीच नवी जर्सी अंगात घालून फोटोला उभे राहिलात. तेव्हा कुठे होता हा राग?"

लुआनच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं.

"नाव बदललं होतं. पत्ता नव्हता बदलला. लोक तर शेवटपर्यंत संघाला भट्टीच म्हणत होते."

"मागच्या रस्त्याला पोलिसांचे ट्रक आलेत," बियान हळू आवाजात म्हणाला. "बस आज निघणारच. फुटतील ती डोकी तुमच्या माणसांची असतील."

तेवढ्यात लानझीने त्याच्यापुढे वाडगा ठेवला. त्याने चॉपस्टिक उचलल्या आणि तसाच थांबला. लुआननेही पाहिलं. वाडग्यात नूडल्स होते.

"काकू, मी निघालोय."

"माहीत आहे."

"मग हे..."

"आमच्या हातावर तुरी देऊन जाणाऱ्या लोकांसाठी मी सारण भरायचं होय? माझ्या घरात आलास, आल्याचं जेवण जेव. नसेल जेवायचं तर उपाशी जा."

तिचा आवाज चढला नव्हता. आपण आठवडाभर आरडाओरडा केला, पण खरा संताप इथे फळीवर मळला जात होता, हे लुआनच्या आता लक्षात आलं. त्याने कोट चढवला.

"तू बस. खाऊन घे. मी फाटक बघतो," तो बियानला म्हणाला.

खाली गर्दीने त्याला वाट दिली. आता लुआन बस अडवणार म्हणून टाळ्या पडल्या. तो एका तीनचाकीपाशी गेला आणि तिचं हँडल धरून त्याने ती स्वतःच बाजूला ओढली.

"सोडा रे. मागे पोलीस आहेत."

टाळ्या थांबल्या. भट्टीवर त्याच्याबरोबर राबलेला म्हातारा छिआओ समोर येऊन थुंकला.

"किती मिळाले रे, लुआन?"

लुआन दुसरी गाडी ओढू लागला. शेवटी शिव्या घालत बाकीच्यांनीही ओढल्या. बस फाटकातून बाहेर आली तेव्हा त्याने दारावर थाप मारली. पुढच्या सीटवरच्या, नव्या मालकाच्या माणसाने दार अर्धवट उघडलं.

"दोन मिनिटं थांबा. बियान लेइ माझ्याकडे जेवतोय."

"कोण?"

"तुमचा मॅनेजर."

"अच्छा, इथला जुना." त्याने ड्रायव्हरला पुढे चल म्हणून हात केला. "तिकडे त्या जागी आमचा माणूस आहे. त्याला सांगायचं राहिलं वाटतं."

दार मिटलं. लुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बसच्या पत्र्यावर मूठ मारली, पण बस थांबली नाही. संघ विकला तेव्हाही त्याचा असा तिळपापड झाला नव्हता. हा पोरगा नालायक असेल, पण तो आपला नालायक होता.

तो जिना चढून आला. बियान खिडकीशी उभा होता. वाडगा रिकामा होता.

"बस गेली," बियान म्हणाला. "थांबले का नाहीत?"

लुआनने कोट काढून खुंटीला लावला. त्याला वेळ लागला.

"थांबत होते. तुला विचारत होते. मीच सांगितलं, बियान येणार नाही म्हणतो."

"काय?"

"सगळ्यांसमोर सांगितलं. छिआओनेही ऐकलं."

बियानचा चेहरा लाल झाला. वीस वर्षांत तो उस्तादापुढे कधी ओरडला नव्हता. आज ओरडला. माझ्या आयुष्याचा निर्णय घेणारे तुम्ही कोण, म्हणाला. म्हातारे झालात, डोकं फिरलंय तुमचं, म्हणाला. तुमच्यामुळे माझं वाटोळं झालं, असंही म्हणाला.

लुआन टेबलाशी बसला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. लानझीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग बियानचा रिकामा वाडगा उचलून भरायला नेला.