मे महिन्यातले वाचक

निवृत्तीनंतरही विद्यापीठाने मला ग्रंथालय समितीवर ठेवलं आहे. यंदा ऑनलाइन नियतकालिकांचा एकच संच घेता येणार होता: आधीपासूनचा व्यवस्थापनाचा, किंवा मुलं मागत होती तो भूगर्भशास्त्राचा. व्यवस्थापनाचा वापर दांडगा दिसत होता, अगदी जबलपूरच्या मे महिन्यातल्या सुट्टीतही. संच विकणारी कंपनीच आकडे फुगवते आहे, असा मला संशय आला.

"कुमुद, एवढ्या उन्हाळ्यात कोण वाचून राहिलं हे?"

माझ्याच हाताखाली तयार झालेली ग्रंथपाल कुमुद ओशाळली. "मीच, दीदी. रोज सकाळी एकेक अंक उघडतो का, ते बघते. तुम्ही नाही का आम्हाला रोज सगळी कपाटं उघडून बघायला लावायच्या?"

"अच्छा. आणि वर्षभरात दुसरं कोणी?"

"कोणीच नाही."

मी भूगर्भशास्त्रापुढे खूण केली.