झाकलेल्या चार ओळी

वाचक बाईंनी पान उलटलं, "पान सहावं" असं म्हटलं आणि समोरच्या माणसाचे ओठ हलायचे थांबेपर्यंत त्या गप्प बसल्या. प्रत्येक परिच्छेद संपला की काका तो मनाशी घोकत. घोकताना उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवरून पुढे सरकत आणि कोपऱ्याशी पोचली की त्यांची मान हलायची.

"हं. बसला परिच्छेद. सोडा गाडी, ताई."

काकांनी आयुष्यभर बस चालवली होती. साखरेच्या आजारानं आधी एक डोळा नेला आणि मग दुसरा. माहिती कार्यालयात त्यांना सगळे ड्रायव्हरकाकाच म्हणत. तीन वर्षं त्यांनी इथे इतके खेटे घातले होते की जिन्याच्या कुठल्या पायरीला टवका उडालाय हे ते डोळसांना सांगत. आज शिपायानं हात धरून त्यांना वर आणलं, तेव्हासुद्धा ते त्याला म्हणाले होते, "तू वळणावर ब्रेक फार उशिरा मारतोस रे." पण आज त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दाढीही कुणाकडून तरी करून घेतली होती.

त्यांची थोरली मुलगी एका शीतगृहात पाळीप्रमुख होती. मासे गोठवून ठेवायची ती मोठी थंड खोली होती. एका दुपारी तिथे गॅस गळला आणि पाळीवरच्या बायका आत अडकल्या. एक वाचली, बाकीच्या गेल्या, थोरलीही गेली. जिवंत राहिली ती जबानी देऊन गाव सोडून निघून गेली आणि पुन्हा कुणाला भेटली नाही. दुसऱ्याच दिवशी मालकांनी पत्रकारांना सांगून टाकलं की बायका कामाच्या वेळी बाहेर पळतात म्हणून पाळीप्रमुखानं आतून कुलूप लावलं होतं आणि गडबडीत तिला किल्ली सापडली नाही. गेलेल्या बहुतेक बायका काकांच्याच गल्लीतल्या होत्या. ज्या घरांनी थोरलीला लेकीसारखं वाढवलं होतं, त्या घरांची दारं काकांच्या पावलांची चाहूल लागली की बंद होऊ लागली. काकूंनी तर गल्लीतून जाणंच सोडून दिलं. मागच्या बोळातून जायच्या, दूध घेऊन परत यायच्या. आता गुडघ्यांनी दगा दिल्यावर तेही बंद झालं होतं.

सरकारनं चौकशी केली, अहवाल झाला, आणि अहवालावर कार्यालय जणू बसूनच राहिलं. असा अहवालच नाही, असं आधी सांगितलं. मग आहे पण सापडत नाही. मग सापडला पण देता येत नाही. तीन वर्षांच्या टोलवाटोलवीनंतर वरून हुकूम आला तोही हात राखूनच. अर्जदारानं एकट्यानं यावं, एकदा पाहावं, प्रत मिळणार नाही. आणि अर्जदाराला दिसत नसेल, तर कार्यालयाचा वाचक वाचून दाखवेल.

ते काम वाचक बाईंचं. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना त्या कागद वाचून दाखवत. नोकरीला लागल्या तेव्हा जुन्या वाचकानं त्यांना एवढंच शिकवलं होतं, "आवाजात मीठ नको, साखर नको. छापलंय ते वाचायचं. काळं फासलंय तिथे 'झाकलेली ओळ' म्हणायचं, आणि किती ते मोजून सांगायचं. बस." बाईंनी ते इतकं अंगी बाणवलं होतं, की घरी किराण्याची यादी वाचली तरी सासूबाई म्हणत, "कुणी गेलंय का गं?"

पाचव्या पानावर एक ओळ होती. काकांनी ती तीनदा वाचायला लावली होती.

"दाराला बाहेरून कुलूप होते. किल्ली फाटकावरील चौकीत होती."

पहिल्यांदा ऐकल्यावर काकांनी काहीच केलं नाही. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. तो का घालत होते, कोण जाणे. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ते टेबलावर पालथा हात आपटून म्हणाले, "बाहेरून! बघा! मी सांगत नव्हतो?" आणि मग बराच वेळ तोंडावर रुमाल धरून बसले. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. असं बसलेल्या माणसाकडे पाहू नये, हेही त्या या कामात शिकल्या होत्या.

"निघताना हिनं सांगितलं होतं," रुमालाआडून काका म्हणाले, "बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, कुलपाचं तेवढं नीट ऐकून या. आता मी गल्लीतून जाणार, ताई. मधून. एकेका दारात उभा राहणार."

सहाव्या पानावर, जिवंत वाचलेल्या त्या एकीची जबानी सुरू झाली. धूर नव्हता, नुसता वास होता, असं तिनं सांगितलं होतं. दिवे चालू होते. पाळीप्रमुखानं सगळ्यांना दाराशी गोळा केलं, ओढण्या ओल्या करून तोंडाला बांधायला लावल्या, आणि स्वतः मासे उचलायचा लोखंडी आकडा घेऊन दारावर मारत राहिली. काका पुढे सरकले होते. त्यांचा सगळा जीव कानांत आला होता. थोरलीची शेवटची वेळ ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ती जिवंत असल्यासारखी त्या पानावर हिंडत होती.

"मग मी खाली बसले," बाईंनी वाचलं. "पाळीप्रमुख माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की—"

पुढच्या चार ओळी काळ्या होत्या.

बाईंनी आजवर शेकडो वेळा ते दोन शब्द उच्चारले असतील. पण आज ते जिभेवर येईनात. कुणीतरी बसून, पट्टी लावून, बरोबर 'की'च्या पुढे काळं फासलं होतं. त्या माणसाच्या हाताला काहीच कसं वाटलं नाही? बाईंना त्याचा भयंकर राग आला. समोर काकांनी श्वास रोखला होता.

"की," बाई म्हणाल्या, त्याच कोरड्या आवाजात, "घाबरू नकोस. मला आता काहीच दुखत नाहीये. झोप आल्यासारखं वाटतंय. आईबाबांना एवढं नक्की सांग."

झालं. बोलून गेल्या. खोलीत पंखा फिरत होता आणि जग जसं होतं तसंच होतं.

काकांचा चेहरा हळूहळू सैलावला. इतकी वर्षं मुठीत धरलेलं काहीतरी त्यांनी खाली ठेवलं. "दुखत नव्हतं तिला," ते म्हणाले. "नाही दुखलं. अहो, ही रात्र रात्र तेच विचारते. तिला दुखलं असेल का हो, फार दुखलं असेल का." ते हसले, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना तसेच हसत राहिले. बाईंना वाटलं, आपण नोकरीत आजवर केलेलं एकमेव चांगलं काम हेच.

"हे मला अक्षर न अक्षर पाठ हवं," काका म्हणाले. बोटं टेबलाच्या कडेवर आली. "पुन्हा वाचा, ताई. सावकाश."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. कागदावर काळं होतं.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "मला काही दुखत नाहीये. नुसती झोप येतेय. आईबाबांना सांग."

बोटं पुढे सरकली आणि मधेच थांबली.

"आधी 'झोप आल्यासारखं' होतं," काका म्हणाले.

"हो. झोप आल्यासारखं वाटतंय."

"आणि 'एवढं नक्की सांग'."

"हो, नक्की."

"पुन्हा एकदा वाचता?"

बाईंनी तोंड उघडलं. कोणता शब्द आधी होता आणि कोणता नंतर, तेच त्यांना आठवेना. त्यांनी जे म्हटलं ते या दोन्हींपेक्षा थोडं निराळं झालं, आणि ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

काकांनी हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवला.

"काळं आहे का तिथे?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

बाईंना आणखी एक खोटं बोलता आलं असतं. मी मूळ प्रत पाहिली होती, त्यातलं आठवून सांगितलं, असं म्हणता आलं असतं. ते जिभेच्या टोकावर आलंही होतं.

"हो," त्या म्हणाल्या.

"किती?"

"चार ओळी."

"बरं."

"काका, मला माफ करा. मला राहवलं नाही. तुमच्याकडे बघून—"

"असू दे, ताई. मनात वाईट नव्हतं तुमच्या. एवढं समजतं मला."

ते चिडले असते, ओरडले असते, तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता चष्मा चाचपला, घातला, आणि फार हळू विचारलं,

"आणि कुलूप?"

बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"कुलूप खरं आहे! काका, शपथ घेऊन सांगते. इथे छापलंय, माझ्या डोळ्यांसमोर आहे. दाराला बाहेरून कुलूप होते, किल्ली फाटकावरील—"

"मघाशीसुद्धा तुम्ही असंच वाचलंत. याच आवाजात."

"पण ती ओळ तुम्ही तीनदा ऐकलीत. एका शब्दानं तरी बदलली का?"

"लहान ओळ आहे ती," काका म्हणाले. "कुणाच्याही लक्षात राहील."

"मी शिपायाला बोलावते. त्याला वाचता येतं. नियमात बसत नाही, पण बोलावते."

"नको. तोही भला माणूस आहे. जिन्यात मला म्हणत होता, काका, आज सगळं तुमच्या मनासारखं निघेल बघा."

"मग साहेबांना?"

काका त्यावर थोडे हसले. "तीन वर्षं ते सांगत होते, असा अहवालच नाही."

बाईंनी दोन्ही हातांनी पाचवं पान उचलून त्यांच्यासमोर धरलं आणि ते कुणासमोर धरलंय हे लक्षात येऊन खाली ठेवलं. दाराला बाहेरून कुलूप होते. ठळक, स्वच्छ छापलेली ओळ होती. जगात ती या माणसापर्यंत पोचवू शकणारं एकच माणूस होतं, आणि त्याच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती.

"पुन्हा बघायला मिळेल का? दुसऱ्या कुणाकडून?"

"नवा अर्ज करावा लागेल," बाई म्हणाल्या. "एका अर्जावर एकदाच दाखवतात." किती दिवस लागतील हे काकांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

तेवढ्यात काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो लगेच काढला नाही. वाजू दिला. मग बटण चाचपून कानाला लावला. पलीकडून काकूंचा आवाज बाईंनाही ऐकू येत होता, शब्द नाही, नुसती घाई.

काकांचं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. कुलपाचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, हे बाईंना स्पष्ट दिसलं. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. सांगा, त्या मनात म्हणाल्या, सांगा हो, ते खरं आहे.

"नाही गं," काका फोनवर म्हणाले. "आजही नाही मिळाला कागद. पुढची तारीख देतायत. हो, विचारलं मी कुलपाचं, पण कागदच नाही तर... नाही, नाही, माझा आवाज ठीक आहे. तू जेवून घे. माझी वाट बघू नकोस."