सुन-ये मावशींच्या डोळ्यातला मळ

आमच्या गावच्या सार्वजनिक स्नानगृहात त्या दिवशी अंघोळीपेक्षा चमत्काराला गर्दी जास्त होती. बाहेरच्या खोलीत चो मान-सिक गुरुजी बसले होते. दीड वर्षापूर्वीपर्यंत हाच इसम आत लोकांच्या पाठी घासायचा. घासून मळाच्या वळ्या निघाल्या की आम्हा कोरियन माणसांना स्वर्ग दोन बोटं उरतो. चोने हे बरोबर हेरलं आणि आपला धंदा पाठीवरून डोळ्यांवर आणला.

त्याच्यापुढे सुन-ये मावशी बसल्या होत्या. लग्नाचे पोशाख शिवणं हेच त्यांचं पोट. आईकडून आलेल्या आजाराने त्यांच्या बुबुळांवर पांढरे कण साचत होते. मी गावातली डोळ्यांची डॉक्टर. वर्षापूर्वीच मी त्यांना तेगू शहरात जाऊन लेझर करायला सांगितलं होतं. त्याने वरचा गढूळ थर अलगद उतरवतात. कण पुन्हा येतात, पण मधली काही वर्षं सुई ओवता येते. मावशींनी मान डोलावली आणि चोकडे गेल्या, कारण गुरुजी म्हणे मुळापासून काढतात.

"डॉक्टर जाळतात, मी धुतो," चो सांगत होता. "सात पिढ्यांचा मळ आहे, मावशी. आज पणजीचा निघतोय."

बांबूत भाजलेल्या मिठाच्या पाण्यात रेशमी फडकं बुडवून त्याने ते उघड्या डोळ्यावर फिरवलं. मावशी कळवळल्या. फडक्यावर पांढऱ्या वळ्या आल्या आणि लोकांनी हात जोडले.

मी फडकं हिसकावलं आणि माझा चष्मा घासला. तशाच वळ्या निघाल्या.

"ही कुठली पणजी, गुरुजी? माझ्या चष्म्याची?"

मग वळ्यांवर माझ्या पिशवीतल्या आयोडीनचा थेंब टाकला. त्या निळ्याकाळ्या पडल्या. शाळेत बटाट्यावर हा प्रयोग सगळ्यांनीच केलेला. फडकं भाताच्या खळीत बुडवून वाळवलेलं होतं. ओलं करून घासलं की खळच वळ्या होऊन सुटायची. चो चपला टाकून पळाला आणि लोक पोट धरून हसले.

मावशी हसल्या नाहीत. "मग आता लेझर करा," म्हणाल्या.

दवाखाना समोरच आहे. मी त्यांना डोळे तपासायच्या यंत्रापुढे बसवलं, लोकही मागोमाग आले. या आजारात बुबुळावर ओरखडा गेला की तिथे कण जास्त दाट साचतात, आणि चोने वर्षभर मिठाने घासलं होतं. आता लेझर पोचणार नाही इतके ते कण खोल गेले होते. मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवणं एवढाच उपाय उरला, हे मी त्यांना सांगितलं.

आईबापांनी दिलेलं शरीर अख्खं मातीत जावं, अशी आमच्याकडची रीत. तरी मी दारातल्या गर्दीला विचारलं, मेल्यावर डोळे कोण देणार. मघाशी चोपुढे जोडलेले हात आता खिशात गेले होते.

मावशींनी दाराकडे तोंड वळवलं. "किती हात वर आले, डॉक्टर? मला दिसत नाही."

मी खरं ते सांगितलं.

तुम्हालाही तेच सांगते. डोळ्यांत धूळ फेकणारे जागोजाग भेटतात, आमच्या चोने मीठ फेकलं. त्याचं फडकं हिसकावून आधी स्वतःच्या चष्म्यावर घासून बघा. आणि अशा दारात उभे असाल, तर हात वर करा.