विमानाच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, मागच्या सोमवारी मला कापलं. सात तुकडे केले आणि ट्रकमध्ये घातले. शेपूट बसेना, म्हणून तिचे दोन केले.

असो. तसं काही झालेलंच नाही, असं धरून चालू. आत्मवृत्त जन्मापासून सांगायचं असतं. पहिल्याच ओळीत तुकडे झाले तर पुढचं सांगणार कोण?

तर मी एक जुनं विमान आहे. जमिनीवर मारा करणारं. आकाशात एकमेकांशी झुंजणारी विमानं वेगळी. तुमच्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर त्यांचीच चित्रं असतात. आमचं घराणं खाली बघून उडणाऱ्यांचं.

घराणं शंभर वर्षांच्या वरचं आहे. खापरपणजोबा लाकडाचे, तारेचे आणि कापडाचे होते. त्यांचा वैमानिक एका हाताने विमान सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताने, कांदे फेकावेत तसे बॉम्ब खाली टाकायचा. खालचे शिपाई साध्या बंदुकीने त्यांच्या अंगाला भोकं पाडायचे. पणजोबा धातूचे झाले आणि घारीसारखा सूर मारायला शिकले. आजोबांच्या पोटात पोलादी पत्र्याचा टब बसवला आणि वैमानिकाला त्यात बसवलं. मग जेट आलं. वेग इतका वाढला की खालचं लक्ष्य दिसेपर्यंत ते मागे पडलेलं असायचं. म्हणून माझ्या पिढीला मागेपुढे होणारे पंख दिले: हळू जायचं तर पसरायचे, पळायचं तर आवळायचे. नाकात अंतर मोजणारा लेझर दिला. माझ्या पुतण्यांमध्ये तर वैमानिकच नसतो. तो कुठेतरी लांब, पंख्याखाली, खुर्चीत बसलेला असतो.

थोडक्यात, खालून अंगाला भोकं पडू नयेत म्हणून शंभर वर्षं हुशार माणसांनी डोकं झिजवलं. आणि मी गेलो ते भोक बुजवल्यामुळे. म्हणजे गेलो नाही. पुढे चला.

मला नाशिककडच्या कारखान्यात जोडलं. वीस वर्षं मी राजस्थानातल्या वाळूवर सरावाचे हल्ले केले. वाळू अजून तिथेच आहे. तरीही माझं कौतुक झालं, निरोपाला पाण्याचे फवारे उडवले, पेढे वाटले. मग माझं इंजिन काढून घेतलं आणि मला सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका चौकात, सिमेंटच्या खांबावर बसवलं. नाक खाली, शेपूट वर. चौक सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष उदयसिंह यांचं म्हणणं पडलं, "हल्ल्यात दिसलं पायजे की!" त्यामुळे गेली पाच वर्षं मी समोरच्या अक्कम्माच्या गच्चीवर हल्ला करतो आहे. तिथे ती टॉवेल वाळत घालते.

इंजिन गेल्यावर पोटात पोकळी राहिली. पाठीच्या सांध्यांतून पाऊस आत यायचा आणि पोटाखालच्या करंगळीएवढ्या भोकातून बाहेर पडायचा. हे भोक कारखान्यानेच ठेवलेलं. मला याहून जास्त काही नको होतं.

हे फक्त मानसिंगला ठाऊक होतं. मानसिंग मूळचा जेऊरचा. हवाई दलात त्याने पंधरा वर्षं माझ्या जातीच्या विमानांना बॉम्ब जोडले होते. पहिल्या दिवशी त्याने माझा शेपटीवरचा नंबर वाचला आणि म्हणाला, "तू न्हाईस त्यो. तुजा भाऊ हुता माज्याकडं." मग खिशातून रुपया काढून माझं पोट ठोकलं. टण. "चांगलं हाय," म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी येऊन तो रुपया वाजवायचा. दर पंधरा ऑगस्टला समिती मला नवा रंग द्यायची आणि भोक बुजायचं. सोळा ऑगस्टला मानसिंग दाभण घेऊन यायचा आणि मोकळं करायचा. असं आमचं बरं चाललं होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या हत्यारांची पूजा करायची. मानसिंग कोयते-कुदळी पुजायला जेऊरला गेला. इकडे उदयसिंहांच्या लक्षात आलं की पेठेतलं सर्वांत मोठं हत्यार मीच. चोवीस वर्षांत मला कोणी साधी उदबत्ती दाखवली नव्हती. मी फार सुखावलो. हार आला, नारळ आला. उदयसिंह पोटाखाली वाकून आरती करत होते आणि आदल्या दिवशीचा पाऊस माझ्या पोटात होता. एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. दुसरा निरांजनात. निरांजन विझलं.

"अय्यो! विमान रडतंय की," अक्कम्मा म्हणाली.

"रडतंय न्हाई, गळतंय!" उदयसिंह टक्कल पुसत ओरडले. "पेंटर! लांबी भर त्यात."

पेंटरने लांबीचा लगदा भरला, घासला, रंग मारला. झालेला अपशकुन धुऊन निघावा म्हणून वर लाल ऑइलपेंटने ठसठशीत स्वस्तिक काढलं. अगदी भोकावर. सगळ्यांनी हात जोडले.

मानसिंग परत आला, दाभण घेऊन पोटाखाली गेला आणि तसाच उभा राहिला.

"टोच की दादा," अक्कम्मा म्हणाली.

"कसं टोचू? स्वस्तिक हाय."

"एवढाले बॉम्ब लावलास तू!"

"बॉम्बावर स्वस्तिक नव्हतं, अक्का."

तीन दिवस तो दाभण घेऊन आला आणि हात जोडून परत गेला. चौथ्या दिवशी उदयसिंहांकडे गेला. ते म्हणाले, "पूजेची जागा हाय ती. असं कर, अर्ज दे. समितीपुढं ठेवू." मानसिंगने अर्ज दिला. विषय: विमानाच्या पोटास भोक ठेवणेबाबत. समितीची बैठक वर्षातून एकदा, खंडेनवमीला व्हायची.

मित्रांनो, वर्ष फार मोठं असतं. रोज सकाळी रुपया वाजायचा. टण. मग ठक. जूनपासून बद्. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, आतून पांढऱ्या पिठासारखं झडतं. बाहेरून मी पंधरा ऑगस्टच्या नव्या रंगात चकाचक दिसत होतो; पेंटरने स्वस्तिक तेवढं जपलं होतं. लोक सेल्फी काढत होते. मी ओरडत होतो, पण मला तोंड म्हणजे इंजिनाला हवा नेणारी दोन भोकं, आणि तीही कबुतरं नकोत म्हणून पत्रा ठोकून बंद केलेली. मानसिंग पोटाला कान लावून उभा राहायचा. "थांब रं. नवमीपतूर दम धर," म्हणायचा. मी दम धरत होतो. पाणीही धरत होतो.

भाद्रपदात पेठेत तापाची साथ आली. डासांच्या अळ्या शोधणाऱ्या श्रीदेवीबाई घरोघर पिंपं बघत अक्कम्माकडे आल्या. "घरात काही नाही. मग एवढे डास येतात कुठून?"

अक्कम्माने वर माझ्याकडे बोट केलं. खोटं तरी कसं बोलायचं? तिचा नातू तापाने फणफणला होता.

श्रीदेवीबाई शिडीवर चढल्या आणि टॉर्च लावून पाठीच्या सांध्यातून आत बघितलं. उतरता उतरता त्यांनी माझ्या पाठीजवळ नोटीस चिकटवली. मालकाचं नाव: विमान. दारं-खिडक्या: माहिती नाही. नोटीस चिकटवताना त्यांचा अंगठा पत्र्यातून आत गेला.

मग माझी तपासणी झाली. धोकादायक ठरलो. सोमवारी कटर आला. मानसिंग स्वस्तिकाखाली जाऊन उभा राहिला. "एक दिस द्या. उद्या नवमी हाय. माजा अर्ज हाय बैठकीत!"

"काका, बाजूला व्हा. अंगावर पडंल," कटरवाला म्हणाला.

अक्कम्माने मानसिंगला दंडाला धरून ओढलं. कटर फिरला. स्वस्तिक मधोमध फाटलं आणि वर्षभराचा पाऊस एकदम खाली आला. चौकातल्या चपला वाहत गेल्या. मानसिंग घोट्याएवढ्या पाण्यात अनवाणी उभा होता. माझ्या पोटाचा एक पत्रा लोंबत होता, त्यावर त्याने सवयीने रुपया ठोकला. टण.

"आता वाजलं बग," तो म्हणाला.

मंगळवारी बैठक झाली. अर्ज मंजूर झाला. एकमताने.

तरी मित्रांनो, आपल्याकडच्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांचा रंग बघू नका, रुपया वाजवून बघा. आणि खालील विनंती योग्य त्या टेबलापर्यंत पोचवा:

प्रति, मा. अध्यक्ष, चौक सुशोभीकरण समिती. उपरोक्त मंजुरीस अनुसरून विनंती की, अर्जदाराच्या पोटाखालील करंगळीएवढे भोक मागील खंडेनवमीपासून पूर्वलक्षी प्रभावाने उघडे ठेवण्यात यावे, व तदनंतर साठलेले पाणी साठलेच नाही असे समजण्यात यावे. सोबत: तुकडे, नग आठ.