टाचेने ऐकणारी माणसं

लंब्याला यात काय मिळणार होतं?

पैसा नाही. मान म्हणावा तर तो त्याच्याकडे आधीच होता, चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला. उलट साक्षीला उभं राहायचं तर पदरचंच जाण्याची भीती. मग इतक्या वर्षांनी हा माणूस बिस्किटांचा पुडा घेऊन आपल्या दारात का उभा राहतो, आणि "तुझ्या अपिलात मी साक्ष देतो" असं आपणहून का म्हणतो? मशीनमनने दाराची कडी एका हाताने धरून ठेवली आणि मनातल्या मनात बेरीज मांडली. बेरीज जुळेना. जुळत नाही म्हणजे समोरच्याने एखादा आकडा दडवलाय, हा त्याचा आयुष्यभराचा सिद्धान्त.

"आत घेतोस की बिस्किटं इथूनच देऊ?" लंब्या म्हणाला.

"अपिलाचं तुला कुणी सांगितलं?"

"कळलं."

"कळायला काय वाऱ्यावर उडत आलं?"

"अहो, आत तर येऊ द्या त्यांना!" मागून बायको म्हणाली. "या भावजी. यांचं काय मनावर घेता! यांना आरशातल्या माणसाचाही संशय येतो."

बायकोने चहाचं आधण आधीच टाकलेलं होतं. तीन कपांचं. मशीनमनने तेही टिपून ठेवलं.

मशीनमन म्हणजे छापखान्यातला मोठं मशीन चालवणारा. ते सुरू झालं की मालकापासून बाइंडरपर्यंत सगळेच ठार बहिरे होत, म्हणून त्याला ती नोकरी मानवली होती. त्याचा उजवा कान पार गेलेला, डावा त्याच वाटेवर. बहिऱ्याला जग अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं तो स्वतःच्या पदरचं भरतो. आणि मशीनमन ते नेहमी स्वतःच्या विरुद्धच भरायचा. छापखान्यात दोघं हसले की त्याला वाटे, आपल्याला. दोघं गप्प बसले की वाटे, आत्ताच हसून झालं. लोक त्याला शंकासूर म्हणत. तेवढं मात्र त्याला बरोबर ऐकू येई.

कान घेतले ते तोफेने. तरुणपणी तो आणि लंब्या सैन्यात एकाच तोफेवर होते. एकदा सरावात "थांबा" असा हुकूम झाला, तो याने ऐकला नाही आणि गोळा सोडला. माणूस मेला नाही. पण पलीकडची एक शेड जळाली आणि तिच्याबरोबर साहेबांची नवीकोरी गाडी. चौकशी बसली. पुढे डॉक्टरांनी कान निकामी ठरवून याला घरी पाठवलं. पण घरी पाठवतानाच्या दाखल्यावर आजाराच्या शेजारी दुसरा शब्दही बसवला: आज्ञाभंग. कारण त्या सरावाच्या थोडंच आधी झालेल्या तपासणीत याचे दोन्ही कान उत्तम असल्याची नोंद होती. उत्तम कानाचा माणूस हुकूम ऐकत नाही, तो मोडतो. कान नंतर गेला असेल, असं साहेबांचं म्हणणं.

त्या एका शब्दापायी सरकारी नोकरी मिळाली नाही, निम्मी पेन्शन गेली. आणि पोरीच्या लग्नात व्याही सगळ्यांदेखत म्हणाले, "सैन्यातून काढलं होतं ना तुम्हाला?" हे वाक्यही बरोबर ऐकू आलं. आता तो शब्द खोडून तिथे "सन्मानाने निवृत्त" लिहावं, एवढ्यासाठी हे अपील. आणि हे शेवटचं. यापुढे दार नव्हतं.

कान आधीच गेला होता मग तपासणीत पास कसा झाला? हा प्रश्न प्रत्येक वेळी येई आणि अपील तिथेच आपटे. उत्तर मशीनमनला ठाऊक होतं, पण ते एकट्याने सांगून कोण मानणार?

तोफेवरच्या माणसाचे कान जातातच. पण कान गेले की तोफ जाते, तोफ गेली की बढती जाते. म्हणून तुकडीत एक रीत होती. तपासणीला रांग लागे. पहिल्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बाजूला टेबलाशी बसलेले डॉक्टर कुजबुजत एखादा आकडा म्हणत, तो याने मोठ्याने सांगायचा. याच्या मागे खेटून उभा असलेला गडी तिरप्या डोळ्याने डॉक्टरांचे ओठ वाची आणि बुटाच्या टोकाने पुढच्याच्या टाचेवर तितक्या टिचक्या मारी. पाच म्हणाले की पाच. सगळी तुकडी वर्षानुवर्षं टाचेने ऐकत होती, आणि मशीनमनच्या मागे दर वेळी लंब्या असे.

हे लंब्याने कबूल केलं तर मशीनमन सुटत होता. पण लंब्या अडकत होता. तो वरच्या हुद्द्यावर पोचून, पूर्ण मानाने बाहेर पडलेला. शहाणा माणूस झाकलेली मूठ उघडायला इतक्या लांब येत नाही.

"पाणी मुरतंय कुठंतरी," लंब्या गेल्यावर मशीनमन म्हणाला.

"तुमच्या डोक्यात मुरतंय," बायको म्हणाली.

पण त्याने पाहिलं होतं. लंब्या चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा दोघं बोलत होती. दाराच्या फटीतून बायकोचे ओठ दिसले, "यांना सांगू नका" इतकंच वाचता आलं, आणि मग तिने पदराने डोळे पुसले. शिवाय मागच्या महिन्यात ती बहिणीकडे जाते म्हणून दिवसभर गेली होती, आणि त्याच दिवशी ती बहीण स्वतः छापखान्यात लग्नपत्रिका छापायला आली होती! मशीनमन तेव्हा काही बोलला नाही. त्याने तो आकडा बाजूला ठेवून दिला होता. आता दोन आकडे शेजारी शेजारी बसले.

सुनावणीच्या दिवशी त्याने इस्त्रीचा सदरा घातला आणि लंब्याशी वाटेत एक शब्द बोलला नाही. लंब्याही खिडकीबाहेर बघत राहिला. दोन बहिरे एका बाकावर बसले की भांडणसुद्धा शांततेत होतं.

खोलीत टेबलामागे तिघं होते. मधले अध्यक्ष, डावीकडे कायद्याचे, उजवीकडे डॉक्टर. डॉक्टर तरुण आणि घाईतले. लंब्याने रीत सांगितली. टाच, बूट, टिचक्या, सगळं. कायद्याचे हसले.

"म्हणजे आख्खी तुकडी बहिरी, आणि कुणाला पत्ता नाही?"

"साहेब, ज्यांना पत्ता लागायचा त्यांचेही कान तसेच होते."

"आपण आत्ताच बघू की," डॉक्टर म्हणाले. "भिंतीकडे तोंड करा."

मशीनमन उठून भिंतीकडे वळला. लंब्या साक्षीदाराच्या जागी होता, ती नेमकी त्याच्या पाठीमागे. डॉक्टरांनी हळूच आकडा म्हटला.

टाचेवर टिचक्या बसल्या. सात.

"सात!" मशीनमन खणखणीत ओरडला.

आणि ओरडल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. इतक्या वर्षांची सवय. टाच बोलली, तोंडाने री ओढली. तो गर्रकन वळला. अध्यक्ष हातातलं पेन बंद करत होते. लंब्या स्वतःच्या बुटाकडे बघत होता, जणू ते दुसऱ्याचं कुत्रं आहे आणि आत्ताच कुणाला चावलंय.

"ऐकू येतं की यांना चांगलं," कायद्याचे म्हणाले.

"दगा!" मशीनमनचा आवाज चिरकला. "मला माहीतच होतं! घरातून फितवलंय याला! माझ्याच बायकोने..."

"गप रे!" लंब्या म्हणाला, आणि टेबलाकडे वळून ताठ उभा राहिला. "साहेब, ती टिचकी माझी. पाय आपोआप उठला. हीच ती रीत, तुमच्या डोळ्यांदेखत झाली आणि तुम्हालाही कळली नाही. आता मला लांब उभं करा आणि परत घ्या."

लंब्याला दारापाशी नेलं. डॉक्टरांनी परत आकडा म्हटला, मग आणखी एक, मग जरा मोठ्याने. मशीनमन भिंतीच्या रंगाकडे बघत राहिला. भिंत काही बोलली नाही.

"पण तुम्हाला कसा ऐकू आला सात?" अध्यक्षांनी लंब्याला विचारलं.

"आला नाही साहेब. दिसला."

अध्यक्षांनी बंद केलेलं पेन पुन्हा उघडलं. मग अध्यक्ष सावकाश म्हणाले, "हे बघा, तुम्ही दुसऱ्यासाठी साक्ष द्यायला आलात. तेवढीच द्या. स्वतःबद्दल बोलायची गरज नाही. बोललात तर मला ते लिहावं लागेल."

"लिहा की. त्यासाठीच आलोय."

आणि लंब्या आपणहून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. आता त्याच्या मागे मशीनमन होता.

डॉक्टरांचे ओठ हलले. मशीनमनला स्वच्छ दिसलं: चार. त्याचा उजवा पाय उठला. एवढ्यात लंब्याने पाठीमागे धरलेला पंजा नकारार्थी हलवला. नको. मशीनमनने पाय जमिनीवर दाबून धरला. आयुष्यात इतकं जड काही त्याने धरलं नव्हतं, तोफेचा गोळासुद्धा नाही. लंब्या भिंतीकडे बघत थांबला. मग म्हणाला, "साहेब, म्हटलंत का काही?"

बाहेर आल्यावर दोघं पायऱ्यांवर बसले. मशीनमनने त्याच्या समोर येऊन विचारलं, "तुला यात काय मिळालं?"

"तुझी बायको मागच्या महिन्यात आली होती माझ्याकडे. हात जोडून म्हणाली, साक्ष द्या. मी नाही म्हटलं."

"मग?"

"मग रात्रभर विचार केला." लंब्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझी बायको गेली ते तुला माहीत आहे. कशी गेली ते नाही. मागच्या अंगणात पडली, हाका मारत होती. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. शेजारणीला ऐकू आलं, मला नाही. मुलगा म्हणतो, बाबांचे कान तर एक नंबर, कागदावर आहे. ऐकून उठले नाहीत. आईच्या हाकेला ते कधीच उठायचे नाहीत म्हणतो." त्याने टोपीवरची धूळ झटकली. "तीही तसंच समजून गेली असेल. जन्मभर बढतीपायी लपवलं ना, तिच्यापासूनसुद्धा. वहिनींना स्वयंपाकघरात हे सांगून म्हटलं, याला कळू देऊ नका, तर त्या 'यांना सांगू नका म्हणता?' म्हणून डोळे पुसायला लागल्या. हा दया दाखवायला लागला तर ऐकवणार नाही."

मशीनमनला काही बोलायचं होतं. पण संशयाची भाषा त्याला तोंडपाठ होती, ही दुसरी येत नव्हती. "बिस्किटं चांगली होती," तो म्हणाला.

निकाल पावसाळा संपता संपता आला. आज्ञाभंग खोडला गेला. त्याच निकालाच्या शेवटी लंब्याचं नाव होतं: तपासणीत फसवणूक, वरचा हुद्दा रद्द, पेन्शन खालच्या हुद्द्याची. मशीनमनने निकालाची एक जास्तीची प्रत काढून घेतली आणि लंब्याचं गाव गाठलं. भिंतीवरची चौकट उतरवलेली होती. तिथे चुन्याचा एक पांढरा चौकोन तेवढा उरला होता. मुलाने प्रत उभ्याउभ्याच वाचली. शेवटची ओळ दोनदा वाचली असावी, कारण मान दोनदा खाली गेली. लंब्या खुर्चीत पाठमोरा बसला होता. त्याला कुणी आलंय याचाही पत्ता नव्हता.

मुलगा दारातून काहीतरी बोलणार होता. मग थांबला. खुर्चीला वळसा घालून बापाच्या समोर गेला, गुडघ्यावर बसला, आणि ओठ नीट हलवत म्हणाला, "बाबा, पाहुणे आलेत."

मशीनमनने परतीच्या वाटेवर पुन्हा हिशेब केला. शब्द त्याला मिळाला, पेन्शनही मिळाली, व्याह्यांना दाखवायला शिक्क्याचा कागद मिळाला. बायकोने एका खोट्यावर भागवलं. लंब्याचा हुद्दा गेला, दुरावलेला मुलगा परत मिळाला. सगळं जमेस धरूनसुद्धा एक रक्कम शिल्लक राहत होती, ती कुणाच्याच नावावर टाकता येत नव्हती. अंगणातून हाका मारणारी ती बाई सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त भरून गेली होती, आणि तिला पावती कुणी दिली नव्हती.