जाळ्यापासून पन्नास मीटर

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता निशिगंधा पाष्टे तिसऱ्या क्रमांकावर होती आणि वेळ जेमतेम दीड तास उरला होता. ओहोटी जोरात लागली होती. वसईच्या खाडीचं गढूळ पाणी समुद्राकडे धावत होतं आणि नाथाची होडी त्या ओढीत इंजिन चालू ठेवून कशीबशी एका जागी उभी होती.

स्पर्धा साधी होती. मासा धरायचा, मापाच्या पट्टीवर ठेवून फोटो काढायचा आणि जिवंत सोडून द्यायचा. तो आपल्या बळाने पोहत गेलेला व्हिडिओत दिसला, तरच त्याची लांबी गुणांत धरायची. खऱ्या आमिषाला परवानगी नव्हती. पिसं आणि चमकी दोरा गळाला बांधून केलेला खोटा मासा, म्हणजे फ्लाय, लवचीक काठीने आणि जाड दोरीने लांब फेकायचा. प्रत्येक होडीवर आयोजकांचा एक निरीक्षक असे. निशिगंधाच्या होडीवर जितेश नावाचा तरुण होता. काल भेटल्यापासून तो मांडीवर मापाची पट्टी घेऊन बसला होता आणि बोट लागत होती ती सहन करत होता.

निशिगंधा चौतीस वर्षांची. मिरा रोडच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन. पूनम सागरमध्ये आईबरोबर राहायची. लहानपणी गुहागरकडे आजोळी गरी टाकून मासे धरले होते तेवढेच. हा प्रकार ती मोबाईलवर बघून शिकली. पहाटे सोसायटीच्या गच्चीवर फेकीचा सराव करायची. एकदा दोरी पाचव्या मजल्यावरच्या डिश अँटेनात अडकली आणि सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये नोटीस लावली. नया नगरमधला कोंबडीवाला तिच्यासाठी कोंबड्यांच्या मानेची लांब पिसं पिशवीत वेगळी काढून ठेवायचा, आणि त्यांचं ती काय करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. सतरा स्पर्धकांत ती एकटी बाई होती आणि एकटीच इथली. काल तिला एक रावस आणि एक तांब मिळाला होता. आज सकाळपासून काहीच नाही. पुढच्या दोघांना मागे टाकायला एक मोठा मासा पुरेसा होता. एकच.

नाथा खाडीकाठच्या तारोडी गावचा. होडी त्याची. बाहेरच्या लोकांनी येऊन खाडीत मासे धरून खेळ करायचा, हे गावाला पटलं नव्हतं. तेव्हा बैठकीत उभं राहून नाथानेच हमी दिली होती, की एकही होडी कोणाच्या जाळ्यापासून पन्नास मीटरच्या आत जाणार नाही. तो नियम मग छापील नियमांतही आला.

सव्वादहाला निशिगंधाने पाण्यातले ते दोन खुंट बघितले. खाडीच्या तळात रोवलेले, वर पुरुषभर दिसणारे. त्यांच्यामध्ये डोल बांधलेली होती. प्रवाहाकडे तोंड उघडं आणि मागे निमुळतं होत गेलेलं मोठं जाळं. अलीकडच्या खुंटाच्या आडोशाला पाणी थोडं शांत होतं, आणि त्या शांत पाण्यात काहीतरी जड वळलं. लहान बोईट मासे चहूकडे उडाले.

"जिताडा," ती म्हणाली.

एवढा मोठा मासा नाथानेही पाहिला होता.

"नाथा, थोडं जवळ घे."

"ताई, ती धर्माजीकाकांची डोल हाय. पन्नास मीटर ठरलंय."

"एकदाच फेकते. एकच फेक, मग लगेच मागे जाऊ."

नाथाने जितेशकडे पाहिलं. जितेश मोबाईलच्या पडद्यावरचं पाणी पुसत होता. त्याला ऐकू आलं होतं, पण त्याने मान वर केली नाही. मग नाथाने इंजिन कमी केलं. होडी प्रवाहाबरोबर घसरत गेली. चाळीस मीटर, तीस. दोरी डोक्यावरून मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली आणि तिने सोडली. पिसांचा मासा खुंटापासून हातभर अलीकडे पडला. तिने दोन झटके दिले. तिसऱ्या झटक्याला दोरी थांबली.

मग पाणी फुटलं. जिताडा पूर्ण बाहेर आला, डोकं झटकलं आणि परत पडला. जितेश उठून उभा राहिला. नव्वद सेंटिमीटर, कदाचित जास्तच. निशिगंधाच्या बोटांतून दोरी सरसरत गेली आणि कातडी सोलली, ते तिला नंतर कळलं. तिने काठी आडवी धरून त्याला मोकळ्या पाण्याकडे ओढायचा प्रयत्न केला. पण जिताड्याला खुंट माहीत होता. तो वळला, प्रवाहाबरोबर सुटला आणि सरळ डोलीच्या तोंडात गेला.

काठी वाकलेली राहिली. दोरी ताणलेली, पण हलेना. नाथाने होडी हळूहळू खुंटाजवळ आणून दोर पकडला, तेव्हा मासा दिसला. जाळ्याच्या कडेला, पाण्याखाली हातभर, त्याचं डोकं आणि एक कल्ला जाळ्यात अडकला होता. कल्ले उघडमीट करत होते. तो जिवंत होता.

जितेशने नियम आठवून पाहिले. दुसऱ्याच्या जाळ्यात अडकलेला मासा चालतो का, याबद्दल काही लिहिलेलं त्याला आठवेना. जिवंत काढला, मापला आणि सोडला तर मी नोंद करीन, असं तो म्हणाला. पण त्याचा आवाज खाली होता, कारण पन्नास मीटरचा नियम त्याला चांगलाच आठवत होता.

एवढ्यात पलीकडून एक छोटी होडी वल्ही मारत आली. धर्माजी स्वतः होते. सत्तरीचे, उघडे, डोक्याला फडकं. ओहोटी संपायच्या आधी डोल बघायला ते रोज याच वेळी येत. त्यांनी दुसऱ्या खुंटाला होडी लावली आणि आधी नाथाकडे पाहिलं. नाथाने नजर खाली केली.

निशिगंधाने हात जोडले. चूक झाली असं सांगितलं. हा मासा माझ्या गळाला लागलेला आहे, मला फक्त तो काढून मोजू द्या, नंतर सोडून देते, असं समजावलं. वाटल्यास माशाचे पैसे देते, असंही म्हणून बसली. धर्माजींनी पैशांचं ऐकल्यावर तोंड फिरवलं.

"माज्या जालान हाय, तो माजा," ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "सोरून देनार ना? मंग धरतंस कनाला, बाय? खायाचा न्हाय, इकायचा न्हाय. नुसता दमवायचा त्याला?"

तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि खाली कल्ल्यांची हालचाल मंदावत चालली होती. तिने घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. आपण वाद घालत राहिलो तर मासा मरेल आणि मग तो कोणाच्याच कामाचा नाही, एवढंच तिला दिसत होतं. नंतर तिने कबूल केलं, की त्या क्षणी माशाचा विचार जास्त होता की क्रमांकाचा, ते तिला सांगता येणार नाही.

तिने काठी जितेशच्या हातात दिली, एक पाय होडीच्या काठावर ठेवला, दुसरा खुंटाच्या दोरावर टेकवला आणि जाळ्याकडे वाकली. नाथा म्हणाला, "ताई, नको." त्याच वेळी होडी प्रवाहात फिरली. काठ पायाखालून निघून गेला.

ती पडली ती डोलीच्या तोंडातच. लाइफ जॅकेटमुळे ती लगेच वर आली, पण ओहोटीने तिला तितक्याच जोराने मागे जाळ्यावर आपटलं. जॅकेटचा एक पट्टा जाळ्यात गुंतला. तिने तो ओढला, तसा दुसरा गुंतला. पाणी पाठीवर दाब देत होतं, जाळं अंगाभोवती पिशवीसारखं मिटत होतं आणि प्रत्येक हिसक्याला तोंड थोडं अधिक खाली जात होतं. तिने एकदा श्वास घेतला, दुसऱ्यांदा पाणी घेतलं. मांडीला काहीतरी थंड, जड घासून गेलं. तो मासा होता.

नाथाने दोर सोडून तिच्याकडे होडी न्यायचा प्रयत्न केला, पण इंजिनचा पंखा जाळ्याजवळ नेणं म्हणजे तिच्याच जवळ नेणं होतं. जितेश हातातली काठी तिच्यापर्यंत पोचवू पाहत होता आणि ती पोचत नव्हती.

 धर्माजींनी कमरेचा कोयता काढला आणि आपल्या बाजूच्या खुंटाचा वरचा दोर तोडला, मग वाकून पाण्यात हात घालून खालचा. डोलीचं तोंड मिटलं. सबंध जाळं सरकून अलीकडच्या खुंटाला लोंबकळलं. निशिगंधाचं डोकं वर आलं, पण पट्टे अजून गुंतलेले होते आणि ओढ तिला पुन्हा खाली खेचत होती.

"नाथा," धर्माजी म्हणाले, "मी डोल सोरतंय. तिच्यासंगं जाऊं दे होरी. पानी मंग तिला दाबनार न्हाय."

नाथाला कळलं. धर्माजींनी होडी लोटली, अलीकडच्या खुंटाला आले आणि राहिलेले दोन्ही दोर तोडले. जाळं मोकळं झालं. जाळं, बाई आणि नाथाची होडी, तिन्ही एकाच वेगाने समुद्राकडे निघाली. दाब गेला. निशिगंधा पाण्यावर तरंगायला लागली, खोकत, ओकत. नाथाने इंजिन बंद करून वाकून तिची कॉलर धरली, जितेशने सुरीने पट्टे कापले आणि दोघांनी तिला ओढून आत घेतलं.

ती होडीच्या तळाला पालथी पडून राहिली. बोटांतून रक्त येत होतं. काही वेळाने तिने मान वळवून विचारलं, डोल कुठे आहे. नाथाने हाताने दाखवलं. जाळ्याला बांधलेले दोन निळे तरंगते बोये दूर जाताना दिसत होते. आता त्यांच्यामागे जाऊन ते धरायचे, तर तिला उशीर झाला असता. ती निळी पडत चालली होती. नाथाने होडी किनाऱ्याकडे वळवली. तिची दोरी कधीच तुटली होती. जिताडा सुटला, की जाळ्यातच वाहून गेला, कोणालाच कळलं नाही.

किनाऱ्यावर डॉक्टरांनी तपासलं, ब्लँकेट दिलं. आयोजक अपघाताचा कागद भरत होते. होडी प्रवाहात वाहून जाळ्यावर गेली, असं जितेशने सांगायला सुरुवात केली. त्याने ते तिच्यासाठी आणि थोडंसं स्वतःसाठीही केलं. नाथाने त्याला अडवलं नाही. गावाच्या बैठकीत दिलेला शब्द त्याचा होता, आणि ही गोष्ट अशीच लिहिली गेली असती तर त्यालाही बरं पडलं असतं.

निशिगंधा ब्लँकेट सावरत उठली. "वाहून नाही गेली," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून जवळ नेली. नाथा नको म्हणत होता."

तिचं नाव यादीतून काढलं. कालचे दोन मासेही गेले. जितेशला पुढच्या वर्षी बोलवायचं नाही असं ठरलं. नाथाला समज देऊन सोडलं. गावात मात्र त्याला खूप ऐकून घ्यावं लागलं आणि ते कागदावर आलं नाही.

घरी आईने, आशाबाईंनी, बोटांना हळद लावली आणि रागाने दोन दिवस बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी निशिगंधा रजा टाकून तारोडीला गेली. नाथा तिला धर्माजींच्या घरी घेऊन गेला. ते अंगणात बसले होते. तिने माफी मागितली, डोलीचं नुकसान भरून देते म्हणाली. धर्माजींनी विचारलं, चिखलात चालता येतं का.

दोन ओहोट्या ते तिघं तिवरांमधून फिरले. भरतीने परत आणून टाकलेली डोल दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. तिवरांच्या मुळांना गुंडाळलेली, अर्धी चिखलात, प्लास्टिकने आणि सडलेल्या बोंबलांनी भरलेली. निशिगंधा मांड्यांपर्यंत रुतली, दोनदा पडली. जाळ्याची घडी घडी सोडवताना ती शोधत होती, हे धर्माजींनी ओळखलं.

"तो न्हाय गावनार," ते म्हणाले. "जिताडा हुशार."

जाळं होडीत चढवताना तिने त्यांना त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. सेंटरमध्ये दिवसभर चार-चार तास खुर्चीला बांधलेली माणसं बघते, तीच माणसं, आठवड्यातून तीनदा. मासा दोरीवर असतो तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसतं. आणि तो सोडला की पाण्यात जाताना बघायला बरं वाटतं. बोलता बोलता तिला ते उत्तर अपुरं वाटलं आणि ती थांबली. धर्माजींनी मान हलवली. पटलं, की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

पुढचे चार रविवार ती तारोडीला गेली. अंगणात डोल पसरलेली असायची. धर्माजींनी पहिल्या दिवशी तिच्या हातात लाकडी सुई आणि दोरा दिला आणि गाठ कशी मारायची ते एकदाच दाखवलं. पिसं बांधून सवय झालेली तिची बोटं बारीक होती, पण गाठी सैल पडत. संध्याकाळी ते येऊन तिचं काम तपासायचे, बोटाने ताणून बघायचे आणि अर्धं उसवून सुई पुन्हा तिच्या हातात द्यायचे. चौथ्या रविवारी त्यांनी दोन हातभर तुकडा ताणून पाहिला, तो तसाच राहू दिला आणि सुनेला चहा आणायला सांगितलं.